गिऱ्हाईक आलंच तर काय करायचं

नवीन दुकान टाकलंत, अभिनंदन. सत्यनारायण झाला, पेढे वाटून झाले, बोर्ड लागला, क्यूआर कोडचा स्टँड आला आणि पैसे आले की गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडणारा तो डबा पण आला. आता एकच अडचण उरते, ती म्हणजे गिऱ्हाईक. तुम्ही कितीही आतल्या बोळात गाळा घ्या, एखादं विचारत विचारत येतंच, आणि आल्यावर त्याच्याशी कसं वागायचं हे ना बँकवाल्याने लोन देताना सांगितलेलं असतं ना सीएने. म्हणून म्हटलं आपणच सांगावं. मी काउंटरच्या अलीकडचा माणूस आहे, पण तिकडे थोर थोर लोक बघितलेत.

सुरुवात नजरेपासून. गिऱ्हाईक पायरी चढलं की वर बघायचं नाही. मोबाईलवर व्हिडिओ चालू असेल तर तो पूर्ण होऊ द्यायचा, नसेल चालू तर लावायचा. ते आधी खाकरेल, मग 'दादा' म्हणेल, मग 'अहो' म्हणेल, तेव्हा कुठे हनुवटी जराशी वर करायची. तोंडातून शब्द नको, 'बोला' असा त्याचा अर्थ होतो आणि आपल्याकडच्या लोकांना तो बरोबर कळतो. 'या, बसा, काय दाखवू' हे तर चुकूनही नको. गोड बोलणाऱ्याच्या मालात काहीतरी खोट असते आणि आपला माल एक नंबर, त्यामुळे गोड बोलायचं कारणच काय, हा आपला पिढीजात सिद्धांत. बाहेरून आलेले लोक 'भाभीजी' म्हणत शंभर साड्या उलगडून टाकतात आणि एकही घेतली नाही तरी हसतात, ते आपल्याला जमायचं नाही आणि खरं सांगायचं तर शोभायचंही नाही.

समजा तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे. एक बाई आल्या, नळ गळतोय, वायसर पाहिजे. वायसर म्हणजे पाच-दहा रुपयांची वस्तू, मागच्या बरणीत ढीगभर पडलेत, हात घातला की निघेल. पण लगेच काढायचा नाही. आधी विचारायचं, 'अर्धा इंची का पाऊण?' बाई म्हणणार, 'साधा नळ असतो ना हो, किचनमधला, तो.' इथे एक सुस्कारा टाकायचा आणि शेजारी उभ्या असलेल्या प्लंबरकडे बघायचं, अशा वेळी एक प्लंबर उभा असतोच, तोही हसेल. बाईंनी मोबाईलमधला फोटो पुढे केला तर 'फोटोत साइज दिसते का मॅडम?' हे वाक्य तयार ठेवा. वाक्य शंभर टक्के खरं आहे, म्हणून त्याला उत्तर नाही. आता घरातले बहुतेक नळ अर्धा इंचीच असतात हे तुम्हाला झोपेतही माहितीये, आणि दोन्ही साइजचे वायसर हातावर ठेवून 'बसेल तो ठेवा, दुसरा परत आणून द्या' म्हटलं तरी काम होतं. पण मग त्या बाई पुढच्या वेळी पण तुमच्याकडेच येणार, आज वायसर, उद्या स्पिंडल, आणि कधीतरी बाथरूमचं काम काढलं की दोन पानी यादी घेऊन येणार, कोणी सांगितलाय एवढा व्याप? त्यापेक्षा सरळ म्हणायचं, 'जुना काढून घेऊन या.' म्हणजे त्यांनी गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद करायचा, घरात नसलेला पाना शोधायचा, नळ खोलायचा आणि तो कुजका रबराचा तुकडा घेऊन पुन्हा तुमच्या हनुवटीसमोर उभं राहायचं. त्या नाही येत. त्यांचा मुलगा सोफ्यावर पडल्या पडल्या मोबाईलवरून वायसरचं अख्खं पाकीट मागवून मोकळा होतो, आणि संध्याकाळी शेजारच्या दुकानदाराबरोबर 'ऑनलाइनने धंदा खाल्ला हो' म्हणायला आपण मोकळे.

दुकानाच्या वेळा. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने महाराष्ट्रात वर्षाचे 365 दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा दिलीये, कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली म्हणजे झालं. सरकार काय, कसलीही मुभा देतं. दुपारच्या झोपेवरून पुण्याला बोलतात सगळे, पण वामकुक्षी सगळ्याच गावात आहे, पुण्याने फक्त पाटी लावली. पाटी तुम्हीही लावा, फक्त शटरच्या आतल्या बाजूला, म्हणजे दुकान उघडं असताना 'दुकान कधी उघडतं' हे सगळ्यांना वाचता येईल. गूगल मॅपवर मात्र सकाळी 9 ते रात्री 10 टाकून ठेवायचं.

सुट्ट्या पैशांचा विषय जरा नाजूक आहे. यूपीआय आल्यापासून हा आनंद बराच कमी झाला, तरी सकाळी सकाळी कोणी पाचशेची नोट काढली की 'अजून भवानी नाही झाली' म्हणून ती लांबूनच परत करता येते. भवानी होणार कशी, तर त्याच्याच पैशाने, पण एवढा खोल विचार गिऱ्हाईक करत नाही. दहाचं नाणं कोणी दिलं की ते उलटसुलट करून बघायचं आणि 'हे चालत नाही' म्हणायचं. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच जाहीर केलंय की दहाच्या नाण्याच्या चौदाच्या चौदा डिझाइन्स चालतात, रुपयाचं चिन्ह असो वा नसो, पण रिझर्व्ह बँक मुंबईत, आपण इथे. असं म्हणणारा दुकानदार परत देताना मात्र तीच नाणी देतो बरं का, किंवा चॉकलेट. तुम्ही त्याला कधी चॉकलेट देऊन बघा.

माल परत घेण्याबद्दल पाटी छापताना 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे लाल अक्षरात, आणि खाली 'आदेशावरून'. कोणाच्या आदेशावरून ते लिहायचं नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, जो 2020 च्या जुलैत लागू झाला, त्यात खराब माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीये, बिलावर लिहिलेली मुदत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवस. यावर आपल्या लोकांनी शोधलेला उपाय फार सुंदर आहे, बिलच द्यायचं नाही. बिल न देणं हेही त्याच कायद्यात त्याच यादीत बसतं ही गोष्ट वेगळी. गिऱ्हाईकाने अगदीच हट्ट धरला तर आवाज खाली आणून विचारायचं, 'पक्कं पाहिजे का? मग जीएसटी वेगळा पडेल.' एमआरपीत सगळे कर आधीच धरलेले असतात, पण हा प्रश्न असा काळजीने विचारायचा की त्याला वाटावं आपण त्याचेच पैसे वाचवतोय. तो 'नको नको, कच्चंच द्या' म्हणेल आणि वर तुमचे आभार मानेल.

शिवणकाम, छपाई, फॅब्रिकेशन असलं काही असेल तर एकच शब्द पाठ करा, परवा. ब्लाऊज अजून गाठोड्यात असला तरी 'फक्त काजं-बटणं राहिलीत'. लग्न उरकून गेलं तरी तेवढंच राहिलेलं असतं.

पोऱ्याला ओरडायचं ते गिऱ्हाईकासमोर. एकांतात ओरडलात तर फुकट गेलं.

व्हॉट्सअॅपवर सकाळी सहाला सूर्यफुलाचा फोटो आणि सुविचार सगळ्या नंबरांना न चुकता गेला पाहिजे. त्यातल्या कोणी उलट विचारलं की ही पंचपाळी केवढ्याला, तर उत्तर 'दुकानात या'. तिथे किंमत लिहिली तर लोकांना किंमत कळेल ना! गूगलवर कोणी एक स्टार दिला तर सोडायचं नाही, खाली सविस्तर लिहायचं की तुम्ही त्या दिवशी चाळीस रुपयांची वस्तू घ्यायला वीस मिनिटं लावलीत, पार्किंगमध्ये गाडी वाकडी लावलीत, आणि तुमचे मिस्टर आम्हाला चांगले माहिती आहेत. हे वाचून नवीन गिऱ्हाईक बरोबर काय ते समजतं.

आता ज्यांच्याकडून आपण माल घेतो त्यांच्याशी कसं वागायचं. खोकी छापून देणारा छापखानेवाला पैसे मागायला आला तर 'चेक तयार आहे, साहेबांची सही राहिलीये' म्हणायचं. साहेब तुम्हीच आहात हे त्याला माहितीये, तुम्हालाही माहितीये, त्याला माहितीये हे पण तुम्हाला माहितीये, तरी तो 'बरं बरं, येतो मग सोमवारी' म्हणतो, सभ्यपणा असावा तर असा. तसा कायदा त्याच्या बाजूने आहे. लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्यात लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवस, नसला तर 15, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही महिन्याच्या हिशोबाने चक्रवाढ व्याज. वर 2023-24 पासून आयकरातही आलंय की मुदत उलटून गेलेलं असलं पेमेंट दिल्याशिवाय खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्चअखेर सीएचा फोन येतो आणि साहेबांना अचानक सही करता येते. एरवी घाबरू नका. त्याची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, असली तरी तो तक्रार करत नाही, कारण दिवाळीची खोकी कोणाकडून छापायची हे तुमच्या हातात आहे.

आणि शेवटी तो माणूस, ज्याच्यासाठी एवढा वेळ तोंडातली साखर जपून ठेवली. तो येतो तेच 'काय शेठ' म्हणत. त्याची उधारी मागच्या वहीतून या वहीत आणि या वहीतून पुढच्या वहीत गेलीये, लक्ष्मीपूजनाला तिच्यावरही हळदकुंकू पडलंय. तो दिसला की मोबाईल खाली ठेवायचा, उठायचं, स्टुलावरचे खोके बाजूला करून पंखा त्याच्याकडे वळवायचा. घरची चौकशी, मुलाची बारावी, सगळं. पैशाचा विषय काढायचा नाही, बरं दिसत नाही. तो म्हणेल, 'ते आपलं जरा लक्षात आहे हं', की आपणच ओशाळं व्हायचं आणि 'अहो कुठं पळून चाललंय' म्हणायचं. मग तो अजून काहीतरी घेणार, 'लिहून ठेव' म्हणणार, आणि त्याला मात्र दोन्ही साइजचे वायसर द्यायचे, पिशवीत घालून. चहा सांगायचा, स्पेशल. एवढ्यात एखादं रोखीवालं गिऱ्हाईक काउंटरला ताटकळत उभं असेलच, त्याला विचारायचं, 'वीस रुपये सुट्टे आहेत का हो, चहावाल्याला द्यायचेत.'