क्रॅश होत नाही, म्हणून झोप लागत नाही

प्रोग्राम कोसळला की इतर लोक कपाळाला हात लावतात. आम्ही फझिंगवाले मात्र तो कोसळावा म्हणून देव पाण्यात घालून बसतो.

काम सांगायला सोपं. प्रोग्रामला वेडीवाकडी फाईल द्यायची, पडतो का बघायचं, नाही पडला तर एखादा बिट उलटा करून पुन्हा द्यायची. सेकंदाला शेकडो वेळा, रात्रभर. या उद्योगाचा जन्मही उपद्रवातूनच झाला. १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाचे बार्टन मिलर फोनलाइनवरून युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करत होते. बाहेर वादळ, लाइनीत खरखर, आणि त्या खरखरीची अक्षरं आत शिरून चांगले नावाजलेले प्रोग्राम आडवे होत होते. मग विद्यार्थ्यांना मुद्दाम तसाच कचरा ओतायला लावला, तर पाव ते एक तृतीयांश प्रोग्राम पडले.

आज हेच एएफएल प्लस प्लस या फझरने, म्हणजे फायली बदलून ओतत राहणाऱ्या प्रोग्रामने करायचं, तर पहिला अपमान दारातच होतो. "तुमच्या मशीनवर क्रॅशची खबर आधी दुसऱ्याच प्रोग्रामकडे जाते," असं म्हणून तो चालूच होत नाही. त्याचं बरोबर आहे. खबर फिरून येईपर्यंत वेळ जातो आणि खरा क्रॅश 'टाइमआउट', म्हणजे नुसता उशीर म्हणून नोंदला जातो. रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी व्हायचं, क्रॅशची खबर कुठे जावी हे ठरवणाऱ्या कोअर पॅटर्नच्या फाईलमध्ये 'कोअर' एवढाच शब्द लिहायचा. मशीन रीस्टार्ट केलं की हे सोवळं पुन्हा पहिल्यापासून.

मग नमुन्याच्या फायली, ज्यांत फेरफार करत फझर सुरुवात करतो त्या. इथे हौशी माणूस मावसभावाच्या लग्नातला बारा एमबीचा फोटो देतो. एवढ्या फाईलमधला कुठला बिट महत्त्वाचा हे चाचपडत फझर म्हातारा होईल. नमुना एक किलोबाइटच्या आत हवा.

आता मेमरीच्या चुका. पंगतीत द्रोण भरल्यावरही वाढपी वरण ओतत राहिला, तर ते शेजारच्याच्या श्रीखंडात जातं. बफर ओव्हरफ्लो म्हणजे हेच; बफर हा मेमरीतला ठरावीक मापाचा द्रोण. पंचाईत अशी की बोंब मारतो शेजारी, तीही श्रीखंडात बोट घातल्यावर. तोवर वाढपी भात आणायला आत गेलेला. म्हणून प्रोग्राम बिल्ड करताना ॲड्रेस सॅनिटायझर हा मेमरीचा पहारेकरी लावायचाच. तो प्रत्येक द्रोणाभोवती रेडझोनची रांगोळी काढतो, दर आठ बाइटांमागे एका बाइटाची हिशेबवही ठेवतो, आणि थेंब रांगोळीवर पडला रे पडला की वाढप्याचा हात धरून ओळ क्रमांकासकट पंचनामा करतो. मोकळी केलेली जागा नंतर वापरणं म्हणजे मयताच्या रेशनकार्डावर साखर उचलणं. तेही सापडतं, कारण सोडलेली जागा तो काही काळ विलगीकरणात ठेवतो, लगेच दुसऱ्याच्या नावावर करत नाही. रांगोळी ओलांडून थेट पलीकडच्या द्रोणात पडलेला थेंब मात्र त्याच्या हातून सुटतो. शिवाय वेग साधारण निम्म्यावर येतो. तरी माझं मत विचाराल तर सॅनिटायझरशिवाय फझिंग म्हणजे दिवे घालवून झुरळं मारणं.

खरा छळ सुरू होतो तो क्रॅश येत नाही तेव्हा. पडद्यावर कोट्यवधी फेऱ्या झालेल्या, क्रॅश शून्य. नवखा पेढे आणायला निघतो. मुरलेला माणूस आधी कव्हरेज, म्हणजे प्रोग्रामचा किती भाग खरंच चालला ते बघतो. पीएनजी या चित्राच्या फाईलच्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी सीआरसीचा, म्हणजे मजकूर बदलला का हे पडताळायचा आकडा असतो. फझरने एक बाइट हलवला की तो जुळत नाही आणि दारावरचा शिपाई फाईल परत पाठवतो. म्हणजे कोट्यवधी वेळा आपण फक्त शिपायाला भेटलो! फझिंगपुरती ती तपासणी बंद करावी लागते. त्यासाठी कोडमध्ये जी खूण (मॅक्रो) वापरतात तिचं नाव 'फझिंग बिल्ड मोड अनसेफ फॉर प्रॉडक्शन'. एवढं लांब नाव बहुधा कुणी चुकून टाइप करू नये म्हणूनच.

शिपाई हटला की पूर येतो. क्रॅशच्या तीनशे फायली. हुरळून जायचं नाही. प्रत्येकीच्या स्टॅकच्या, म्हणजे पडताना कुठलं फंक्शन कुणी बोलावलं होतं त्या यादीच्या वरच्या तीन-चार ओळी जुळवल्या की उरतात दोन-तीनच बग. मग एकेक फाईल एएफएल-टीमिन या फाईल लहान करणाऱ्या अवजाराने सोलायची, म्हणजे नेमका दोषी बाइट दिसतो. बऱ्याचदा मूळ चूक गुणाकारात असते. रुंदी ६५५३६, उंची ६५५३६, दर पिक्सेलला ४ बाइट. (६५५३६ हा फझरच्या ठेवणीतल्या आवडत्या आकड्यांपैकी एक.) उत्तर ३२ बिटांत मावत नाही आणि हातात उरतं शून्य. मेमरी वाटणाऱ्या मॅलॉककडे शून्य बाइटांची जागा मागितली जाते, तो बिचारा काहीतरी टेकवतो, आणि लूप खऱ्या रुंदी-उंचीने रंग ओतत सुटतं.

हे घेऊन डेव्हलपरकडे जावं, तर ठरलेला प्रश्न : "पण अशी फाईल देणार कोण?"

"ज्याला तुमचं सर्व्हर हवंय तो."

"आमच्या ॲपमधून एवढी मोठी इमेज बनतच नाही हो."

"त्याला तुमचं ॲप कशाला लागतंय?"

शेवटी गुणाकाराआधी मर्यादेची तपासणी येते, पॅच लागतो, आपण फझर पुन्हा लावून चहाला जातो. कप टेबलावर यायच्या आत नवा क्रॅश, त्याच फंक्शनमध्ये, सहा ओळी खाली. तो आधीपासूनच तिथे होता. पहिला बग वाटेत आडवा पडलेला असल्यामुळे तिथवर कुठली फाईल पोचलीच नव्हती.