ठाणे हे नाव इंग्रजांचं नाही

‘ठाण्याचा खरा इतिहास’ अशी एक पोस्ट आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आली आणि तीनदा मी ती सोडून दिली. परवा आठवीतल्या पुतणीची प्रोजेक्टची वही चाळली, तर तीच पोस्ट त्यात शब्दशः उतरवलेली, जांभळ्या स्केचपेनने चौकट आखून. आता गप्प बसवत नाही.

पोस्टचं म्हणणं असं: इंग्रजांनी इथे पोलीस ठाणं आणि तुरुंग बांधला म्हणून गावाला ठाणे नाव पडलं. रेल्वे येईपर्यंत इथे जंगल होतं. किल्ला इंग्रजांनीच तुरुंगासाठी उभारला, त्यात चोर-दरोडेखोर ठेवले. आणि मराठी ग्रंथसंग्रहालय ही त्यांचीच देणगी.

आधी नावाचं बघू. शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट आहे, शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७ चा. त्यात या गावाचं नाव येतं श्रीस्थानक. तो सापडला कुठे? ठाण्याच्या किल्ल्यातच, १७८७ च्या सुमारास, पायासाठी खणताना. एशियाटिक सोसायटीने १७८८ साली त्याचं भाषांतर छापलंसुद्धा. म्हणजे ज्यांनी नाव दिलं असं सांगता, त्या इंग्रजांनीच ते पावणेआठशे वर्षं जुनं असल्याचा पुरावा छापून ठेवलाय. पोलीस ठाण्यातलं ‘ठाणे’ आणि गावाचं ‘ठाणे’ दोन्ही ‘स्थान’वरूनच आली, एवढं मान्य करतो. पण त्यावरून गावाला चौकीचं नाव दिलं असं कसं ठरतं? इंग्रजांनी फक्त ‘ठाना’ असं स्पेलिंग केलं.

जंगलाबद्दल फार लिहीत नाही. तेराव्या शतकात मार्को पोलो ठाण्याहून कातडी आणि सुती कापड बाहेर जातं असं सांगतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी सुटली ती ठाण्याला, कारण इथे गाव होतं.

मला खरा राग आला तो किल्ल्याच्या मुद्द्यावर. किल्ल्याचं बांधकाम काढलं पोर्तुगीजांनी. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. इंग्रजांच्या हाती पडला डिसेंबर १७७४ मध्ये. पुढे त्यांनी त्याचा तुरुंग केला, हे खरं, आणि आजही तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. पण ‘चोर-दरोडेखोर’? इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या राघोजी भांगरेंना इथे फाशी दिली, २ मे १८४८ ला. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे इथेच फासावर गेले, १९ एप्रिल १९१० ला. कान्हेरे विशीही न गाठलेला मुलगा होता. राघोजींना दरोडेखोर इंग्रज म्हणत होते. तोच शब्द आज आपण आपल्या पोरांच्या वहीत लिहू देतोय.

राहिलं ग्रंथसंग्रहालय. १ जून १८९३ ला ते सुरू केलं विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णू भास्कर पटवर्धन यांनी. दोघंही मराठी माणसं.

वहीतलं ते पान पुतणी रविवारी नव्याने लिहिणार आहे, मी शेजारी बसणार आहे. पोस्ट पुढे पाठवणाऱ्यांनी त्याच ग्रुपवर निदान ही चार नावं टाकावीत: भांगरे, कान्हेरे, कर्वे, देशपांडे.