एनएडीचा पुरवठा तोडला की गाठ संपली, इतकं सोपं नाही

मेंदूतल्या गाठी आणि एनएडी यांवरचा लेख आवडला. एनएडी हे सहविकर (पेशीतल्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, कामात मदत करणारा रेणू) कमी पडलं की ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या पेशी तग धरू शकत नाहीत, हा मुद्दा छान मांडलाय. पण एक गोष्ट राहून गेली आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. एनएडी बनवायचा पेशीकडे एकच रस्ता नसतो. एनएडी खर्च झाल्यावर उरलेल्या निकोटिनामाइडपासून नॅम्प्ट हे विकर पुन्हा एनएडी बनवायला घेतं. तो रस्ता औषधाने बंद केला, तरी नॅप्रट नावाचं दुसरं विकर निकोटिनिक आम्लापासून एनएडी तयार करून देतं. आयडीएच१ या जनुकात बदल झालेल्या ग्लायोमांमध्ये (ग्लायोब्लास्टोमा ज्या गटात येतो, त्या मेंदूतल्या गाठींमध्ये) मात्र हा दुसरा रस्ता बरेचदा आधीच बंद पडलेला असतो, म्हणून नॅम्प्ट रोखल्यावर त्या पेशी लवकर कोलमडतात. त्यामुळे गाठ कुठल्या प्रकारची आहे, हे आधी बघायलाच हवं.

टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाचा संबंधही इथेच येतो. ते डीएनएवर घाव घालतं, दुरुस्तीला पार्प नावाचं विकर धावतं आणि पार्पला त्यासाठी एनएडी खर्चावं लागतं. साठा आधीच आटलेला असेल तर हा खर्च पेशीच्या जिवावर उठतो. अडचण एवढीच की एनएडी निरोगी पेशींनाही लागतं. एफके८६६ या नॅम्प्ट रोखणाऱ्या औषधाच्या मानवी चाचण्यांत प्लेटलेट घसरल्या होत्या.

आणि एक कळकळीची विनंती. घरात असा रुग्ण असेल तर ताकद येईल म्हणून एनएडी वाढवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका. गाठीलाही तेच हवं असतं.