आत्याला विचारा, तिकडे कोणी भिशी लावते का?

सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा झाली की माझ्या आईला नाताळचे वेध लागतात. यंदाही यात्रेहून घरी आल्या आल्या तिने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आवाज टाकला, की भिशीचे तीन हप्ते राहिले आहेत, ज्याचे त्याने वेळेवर भरावेत, यंदा कोणामागे फिरायला पायांत बळ नाही. त्यावर पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने भलामोठा मजकूर लिहिला. भिशी हा अडाणी लोकांचा व्यवहार आहे, तिला हमी नाही, तिचा परतावा नगण्य आहे, त्यापेक्षा आजीने तेच पैसे एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या मासिक हप्त्यात, घालावेत, आणि मुळात एका दिवसाच्या सणासाठी वर्षभर पैसे साठवणे म्हणजे उधळपट्टीचे नियोजन करणे आहे, असे त्याचे म्हणणे होते. शेवटी त्याने लिहिले, ‘आत्याला विचारा, तिकडे इंग्लंडमध्ये कोणी भिशी लावते का?’

मला विचारलेच आहे, तर सांगते. लावतात.

मी प्रेस्टनमध्ये १७ वर्षे राहते आहे. आमच्या शेजारची बाई प्राथमिक शाळेत मुलांना जेवण वाढण्याचे काम करते. ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून दर आठवड्याला १० पाउंड क्रेडिट युनियनच्या, म्हणजे आपल्या पतसंस्थेसारख्या संस्थेच्या, ख्रिसमस खात्यात टाकते, आणि ते खाते नोव्हेंबरपर्यंत उघडत नाही. तिची बहीण आइसलँड नावाच्या किराणा दुकानाच्या बोनस कार्डावर पैसे भरत राहते, कारण तिथे २० पाउंड भरले की १ पाउंड वर मिळतो आणि ते पैसे दुसरीकडे कुठे खर्चच करता येत नाहीत. मी ज्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथल्या चहाच्या खोलीत कपाटावर एक वही असते. दर शुक्रवारी आमच्यातली सर्वांत ज्येष्ठ बाई ती खाली काढते, प्रत्येकाकडून ५ पाउंड घेते, नावासमोर बरोबरची खूण करते आणि पैसे बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकते. महिनाअखेरीस तो डबा बँकेत रिकामा होतो. पहिल्यांदा ती वही पाहिली तेव्हा मी काही क्षण तिथेच थांबले होते. उभ्या रेघा, आडव्या रेघा, डावीकडे नावे, वर महिने. आईची वही हुबेहूब अशीच असते, एवढेच की तिच्या मुखपृष्ठावर साखर कारखान्याच्या कॅलेंडरचा कागद घातलेला असतो.

आणि ही पद्धत इथे आजची नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनचे कामकरी लोक दर आठवड्याला काही पेन्स पबमध्ये जमा करत आणि ख्रिसमसला त्या पैशांतून प्रत्येकाला एक हंस मिळे. त्याला ते ‘गूज क्लब’ म्हणत. आपण हंसाची भिशी म्हणू. अमेरिकेत तर १९०९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या बँकेने ख्रिसमससाठी स्वतंत्र बचतखाते काढले आणि पुढे असंख्य बँकांनी त्याचे अनुकरण केले. ज्या देशांकडे बोट दाखवून भाचा आजीला अडाणी म्हणतो आहे, त्या देशांत सणाचे पैसे वेगळे काढून ठेवण्याची रीत शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. हे त्याला माहीत नसेल तर हरकत नाही. पण माहीत नसताना त्याने माझे नाव साक्षीदार म्हणून पुढे करायला नको होते.

आता हिशेबाकडे येते, कारण त्याला हिशेब आवडतो. आईच्या भिशीत ३१ बायका आहेत आणि प्रत्येकीचा महिन्याचा हप्ता १,००० रुपये आहे. वर्षाचे १२,००० झाले. हेच पैसे बँकेत ६ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत ठेवले तर वर्षअखेरीस सुमारे ३९० रुपये व्याज होईल. एसआयपीने त्याच्या स्वप्नातला १२ टक्के परतावा दिला, तरी पहिला हप्ता बारा महिने आणि शेवटचा एकच महिना गुंतलेला असल्यामुळे वाढ ७८० रुपयांच्या आसपासच राहील. ज्या रकमेवरून त्याने आजीला सर्वांदेखत अडाणी ठरवले, ती रक्कम एवढी आहे. आणि बाजाराने साथ दिली नाही तर काय होते, तेही त्याने पाहून घ्यावे. २००८च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता आणि त्या वर्षीच्या दिवाळीला तो ९ हजारांच्या आसपास होता. ज्याला वीस वर्षांनी पैसे हवे आहेत, त्याने ते वर्ष सोसले आणि पुढे त्याचे भलेही झाले. पण २५ डिसेंबर पुढे ढकलता येत नाही. नातवंडांच्या कपड्यांचे पैसे बाजार वर येईपर्यंत थांबवून ठेवता येत नाहीत. एसआयपी वाईट आहे असे मी म्हणत नाही, माझीही आहे. पण लांबच्या पल्ल्याच्या पैशांचे नियम बारा महिन्यांच्या पैशांना लावणे ही हिशेबाचीच चूक आहे.

भिशीतून कर्ज घेणाऱ्या बाईला महिन्याला शेकडा दोन व्याज पडते, यालाही त्याने सावकारी म्हटले. इंग्लंडमधल्या क्रेडिट युनियनला कायद्याने महिन्याला ३ टक्क्यांपर्यंत व्याज घेता येते, आणि इथले गरीब लोक त्याला आधार समजतात. भिशीत तर ते व्याज वर्षअखेरीस त्याच बायकांमध्ये वाटले जाते.

भाच्याचे एक म्हणणे मात्र मला खोडता येत नाही, आणि ते खोडायचा माझा विचारही नाही. हमी नसते हे खरे आहे. इथे फेअरपॅक नावाची ख्रिसमस बचतीची मोठी कंपनी होती. गल्लीगल्लीत तिच्या एजंट बायका शेजाऱ्यांकडून दर आठवड्याला पैसे गोळा करत आणि डिसेंबरात व्हाउचर आणि खाण्याच्या टोपल्या घरी येत. २००६च्या ऑक्टोबरात, म्हणजे वर्षाचे बहुतेक हप्ते भरून झाल्यावर, ती बुडाली. एक लाखाहून अधिक लोकांचे मिळून सुमारे ४ कोटी पाउंड अडकले. ही रक्कम कायद्याच्या भाषेत ठेव नव्हती, आगाऊ खरेदी होती, म्हणून ठेवींचे संरक्षण तिला लागू झाले नाही. सहा वर्षांनी लोकांच्या हाती पाउंडामागे साधारण अर्धा पाउंड आला. मी ती कंपनी बुडाल्यावर तीन वर्षांनी या देशात आले, तरी डिसेंबर जवळ आला की त्या बायकांचा विषय कोणीतरी काढायचेच, कारण शेजारणींच्या दारात जाऊन ‘पैसे गेले’ हे सांगण्याची वेळ त्यांच्यावरच आली होती. आईकडे वही असते म्हणून मला त्या एजंट बायकांबद्दल अधिक वाईट वाटते.

पण पुढे काय झाले तेही पाहावे. या देशाने लोकांना ‘आता ख्रिसमससाठी साठवू नका, शेअर घ्या’ असे सांगितले नाही. या धंद्यात उरलेल्या कंपन्यांनी ग्राहकांचे पैसे आपल्या पैशांपासून वेगळे, न्यासाच्या खात्यात ठेवायला सुरुवात केली. क्रेडिट युनियनमधल्या ठेवींना तर बँकेतल्या ठेवींसारखेच संरक्षण आहे, म्हणून माझी शेजारीण निर्धास्त झोपते. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पण आईसारख्या बायका जिथे सहज जातात त्या पतसंस्थांना तो विमा लागू नाही. ठेवीदारांच्या हितासाठी १९९९चा राज्याचा कायदा आहे, परंतु तो पैसे बुडाल्यावर धावून येतो. भाच्याला खरोखर आजीची काळजी असेल तर त्याने या प्रश्नावर लिहावे. भिशीतल्या ३१ बायकांना बचत गट म्हणून बँकेत खाते उघडून द्यावे, दर महिन्याला वही आणि पासबुक जुळवून द्यावे. त्याला ते एका तासात जमेल. अडाणी म्हणायला मात्र एक मिनिटही पुरते.

आणि उधळपट्टी! गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये त्याने घेतलेला फोन ‘नो कॉस्ट ईएमआय’वर आहे, हे त्यानेच मला सांगितले होते. आधी साठवून मग खर्च करणारी त्याची आजी उधळी, आणि आधी खर्च करून मग फेडणारा तो नियोजनबद्ध, हे मला मान्य नाही.

हे मी ठामपणे लिहिते आहे, कारण दुसरी बाजू मी अनुभवली आहे. इथल्या पहिल्या ख्रिसमसला आमचा थोरला मुलगा पाच वर्षांचा होता. डिसेंबरचा पगार २० तारखेलाच हातात आला आणि आम्हाला ती चैन वाटली. झाड, दिवे, सायकल, पँटोची, म्हणजे नाताळातल्या मुलांच्या नाटकाची, तिकिटे, जाड कोट, सगळे घेतले आणि कमी पडले ते क्रेडिट कार्डावर टाकले. पुढचा पगार जानेवारीच्या अगदी शेवटी येणार आहे, हे लक्षात आले तेव्हा विजेच्या प्रीपेड मीटरच्या चावीवर भरायलाही पैसे उरले नव्हते. नवरा कोपऱ्यावरच्या दुकानात एका वेळी पाच-पाच पाउंड भरून येत असे. काउन्सिल टॅक्सचे, म्हणजे इथल्या घरपट्टीचे, हप्ता नसलेले फेब्रुवारी-मार्चचे दोन मोकळे महिने आले तेव्हा जरा श्वास घेता आला, तरी ते कार्ड ऑगस्टमध्ये फिटले. त्या सहा आठवड्यांत मी आईला फोनवर ‘सगळे छान आहे’ असेच सांगत राहिले. पुढच्या जानेवारीत चहाच्या खोलीतल्या वहीत मी माझे नाव घातले.

आमच्या घरी हे शहाणपण कधी शिकवावे लागले नव्हते. वडील साखर कारखान्यात होते. बोनस दिवाळीला मिळे. कायद्याने किमान ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. आमच्या चाळीत त्या दिवशी सगळीकडे तळणाचा वास सुटे आणि फटाके वाजत. आई मात्र बोनसचे पाकीट न फोडता कोठीतल्या ज्वारीच्या डब्यात खाली घालून ठेवत असे. आमचा सण अजून दोन महिने लांब होता. शेजारच्या काकू फराळाचे ताट आणून देत आणि आई ते ताट रिकामे परत न पाठवता त्यात साखर घालून देई. मग डिसेंबरात भिशी फुटे, पाकीट डब्यातून वर येई, आम्हा चौघा भावंडांना एकाच ताग्यातले कापड शिवून मिळे, दारावर कागदाचा तारा लागे आणि चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेहून (प्रार्थनेहून) आल्यावर मटणाचे पातेले उघडे. दोन महिने घरात पैसे असून नसल्यासारखे राहणे आम्हाला कठीण गेले असेल, पण आज मला ते कठीण म्हणून आठवत नाही.

इथे डिसेंबर लागला की कोणीतरी मला प्रेमाने विचारते, ‘तुम्ही ख्रिसमस करता का?’ मी तो इथे येऊन शिकले, असे त्यांना वाटते. पुण्यात शिकत असताना वसतिगृहात मैत्रिणी विचारत, ‘तुमचा तो इंग्रजांचा सण कधी असतो?’ दोन्हीकडे मी एकच उत्तर देत आले आहे, की आमच्या घरात नाताळ माझ्या पणजोबांपासून आहे आणि त्यात करंज्या असतात. परंतु खरे सांगायचे तर गेली कित्येक वर्षे माझ्या प्रेस्टनच्या घरात करंज्या झालेल्या नाहीत. तेवढा वेळ मी काढला नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वर लिहिलेले सगळे अर्धे खरे ठरेल. लग्नानंतरही आईच्या भिशीत माझे नाव होते. इंग्लंडला आल्यावर सुरुवातीला मी हप्ता पाठवत असे. त्या कार्डाच्या वर्षी तो थांबला आणि नंतर मी आईला म्हणाले की महिन्याचे हजार-पाचशे काय पाठवायचे, डिसेंबरात एकदम मोठी रक्कम पाठवत जाईन. फोनवर ती एवढेच म्हणाली, ‘मग तुझं नाव काढू का?’ मी हो म्हणाले. त्यानंतर दर वर्षी मी पैसे पाठवले आणि आपण घरच्यांसाठी पुष्कळ करतो असे मानत राहिले.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत घरी गेले असताना आई वही माझ्या हाती देऊन नव्या वर्षाच्या रेघा मारून दे म्हणाली, कारण तिचा हात आता थरथरतो. जुन्या पानांवरून नावे उतरवून घेताना नवव्या ओळीवर माझे नाव दिसले. सगळ्या वर्षांच्या पानांवर ते होते, समोर बाराच्या बारा खुणा होत्या. हप्ता ती वडिलांच्या निवृत्तिवेतनातून भरत होती. दर डिसेंबरात फुटलेले माझे पैसे तिने पाकिटात घालून त्यावर वर्ष लिहून ठेवले होते आणि ती पाकिटे ज्वारीच्या डब्यात होती. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘वहीत नाव नसलं की बायका विचारतात, थोरली कुठं गेली म्हणून.’

भाच्याला मी हे सगळे गटावर लिहिलेले नाही. त्याला वेगळा संदेश पाठवून एवढेच कळवले आहे, की राहिलेले तिन्ही हप्ते माझ्या नावाचे मी त्याच्या खात्यावर पाठवले आहेत, पण ते त्याने आजीला फोनवरून पाठवायचे नाहीत. पुण्याहून श्रीरामपूर काही लांब नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सा सुटल्यावर वडाखाली बायका बसतात, तिथे जाऊन रोख द्यायचे आणि नवव्या ओळीवर खूण झालेली पाहूनच उठायचे.