लुमडिंगला एकदा उतरून बघा

ईशान्य भारत म्हटलं की आपल्या लोकांची लिस्ट ठरलेली, काझीरंगा, शिलाँग, चेरापुंजी, फारच हौशी असेल तर तवांग. लुमडिंगचं नाव काढलं की "तिथे बघायला काय आहे?" असंच विचारतात. काही नाहीये. स्टेशन आहे. पण मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलोय, मला स्टेशन पुरतं.

आसामच्या होजाई जिल्ह्यातलं हे छोटं गाव म्हणजे रेल्वेने वसवलेलं गाव. गुवाहाटीकडून आलेली लाइन इथे फुटते, एक दिमापूर-तिनसुकियाकडे आणि दुसरी डोंगरातून हाफलाँग-बदरपूरकडे. रेल्वेचं डिव्हिजन ऑफिस इथेच, मग क्वार्टर्स, ड्युटीवर निघालेले लोक, सगळं ओळखीचं. फक्त कानावर बंगाली पडते, आसामात असूनही, कारण रेल्वेच्या नोकरीच्या मागे आणि पुढे फाळणीनंतर बंगाली माणसं इथे येऊन राहिली. लाल चहा घेत बाकड्यावर बसलं की दोन तास कसे जातात कळत नाही, माझे तरी नाही कळले.

आता मुद्द्याचं. ती डोंगरातली लाइन आसाम बंगाल रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून पूर्ण केली, चहा चितगावच्या बंदराला न्यायला. मीटर गेज म्हणजे एक मीटर रुंदीचे रूळ, 37 बोगदे. 1947 ला चितगाव पलीकडे, पाकिस्तानात गेलं, लाइन मात्र राहिली आणि दक्षिण आसामातलं बराक खोरं, त्रिपुरा, मिझोराम सगळे त्या एकाच धाग्याला लटकले. ब्रॉडगेजचं, म्हणजे रुंद रुळांचं काम 1996-97 ला मंजूर झालं आणि पॅसेंजर गाडी धावली नोव्हेंबर 2015 मध्ये!! मध्ये ऑक्टोबर 2014 पासून पॅसेंजर गाड्या पूर्ण बंद ठेवल्या होत्या. आपल्याकडे रविवारी मेगाब्लॉक असला की आपण केवढं बोंबलतो, तिथे वर्षभराच्या वर चालला.

जुन्या मीटर गेजच्या आठवणीने गळे काढणारे रेल्वेप्रेमी आहेत, मीही थोडा त्यातलाच, पण खरं सांगू का, ज्याचं तांदूळ आणि डिझेल त्या लाइनवरून येतं त्या माणसाला तुमच्या नॉस्टॅल्जियाचं काय करायचंय? त्याला गाडी हवी. मे 2022 मध्ये न्यू हाफलाँग स्टेशनात डोंगराचा चिखल असा घुसला की उभ्या गाडीचे डबे आडवे झाले आणि लाइन दोनेक महिने बंद. म्हणजे ब्रॉडगेज झालं तरी धागा एकच. सप्टेंबर 2025 मध्ये बैराबी-सैरांग लाइन सुरू झाली, मिझोरामात ऐझॉलच्या दारात रेल्वे पोचली, आपण सगळ्यांनी तिथल्या उंच पुलाचे फोटो फॉरवर्ड केले (मीही केले). पण दिल्लीहून सैरांगला जाणारी राजधानी एक्सप्रेससुद्धा त्याच डोंगरात शिरते, तिथे दरड आली की तिकडचा पूल कितीही उंच असू दे. माझं म्हणणं एवढंच की नव्या लाइनींच्या आधी या जुन्या लाइनीला दुसरी जोड द्या, डोंगराचे उतार बांधून काढा, पाण्याला वाट द्या. त्याचे फोटो व्हायरल होणार नाहीत, माहितीये.

आणि हो, आपल्या कुर्ला टर्मिनसवरून आगरतळ्याला एसी एक्सप्रेस जाते, तीही याच डोंगरातल्या लाइनीवरून. लुमडिंग आल्यावर सहप्रवाशाला म्हटलं मी इथे उतरतोय, तर तो म्हणाला, "गाडी बदलायचीय का?"

नाही म्हटलं, गावच बघायचंय. मी बॅग उतरवेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता.