‘किकिंग अँड स्क्रीमिंग’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की हा सिनेमा म्हणजे कशाचीच ददात नसलेल्या अमेरिकन पोरांच्या गप्पा आहेत. दीड तास काही घडत नाही आणि आळसाला नुसतं गोंजारलंय. शिवाय ‘आपल्याकडे हे चोचले परवडत नाहीत’.

मुलं सुखवस्तू आहेत हे मान्यच. पदवी हातात पडल्यावरही कॉलेजच्या गावातच अडकून पडलेल्या चार मित्रांची ही गोष्ट, आणि दिग्दर्शक नोआ बॉमबाखचा हा १९९५ चा पहिलाच सिनेमा. त्यानं ओळखीचं जग दाखवलं.

पण गोंजारलंय? त्या मित्रांपैकी मॅक्सचा तो प्रसंग आठवा. जमिनीवर काच फुटली आहे. तो ती गोळा करत नाही. कागदावर ‘फुटलेली काच’ असं लिहून ठेवून देतो. अख्खा सिनेमा मला त्या कागदात दिसतो. काय करायला हवं हे या मुलांना नेमकं कळतं, नेमक्या शब्दांत सांगताही येतं, फक्त हात पुढे होत नाही. ओटिस पुढच्या शिक्षणासाठी मिलवॉकीला जायचा, तो आयत्या वेळी कच खातो आणि व्हिडिओच्या दुकानात लागतो. स्किपी तर पदवी मिळाल्यावर पुन्हा त्याच कॉलेजात नाव घालतो. आणि त्याच कॉलेजच्या गावातली, सुखवस्तू नसलेली केट कॉलेजच्या खाणावळीत राबत असते. तुमचा आक्षेप दिग्दर्शकानं तिच्या रूपानं सिनेमातच ठेवलाय.

‘परवडत नाही’ म्हणालात म्हणून सांगते. पदवीनंतर दोन वर्षं मी पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी खोली घेऊन राहिले. वडील पैसे पाठवायचे, ते कसे जमवतात हे मला ठाऊक होतं. फॉर्म भरायचे, अभ्यासिकेत रोज जागा धरायची, आणि पेपरच्या दिवशी खोलीवरच थांबायचं. नापास होण्यापेक्षा न गेलेलं बरं वाटायचं. ही भीती फक्त पैसेवाल्यांच्या घरात राहते, हे मला पटणारच नाही.

राहिलं ‘काही घडत नाही’. चौथा मित्र ग्रोव्हर, त्याची प्रेयसी जेन प्रागला निघून जाते आणि तो महिनोन्‌महिने कॉलेजच्या गावातच रेंगाळतो. शेवटी विमानतळ गाठतो, आजच तिच्याकडे जायचं म्हणून काउंटरवरच्या बाईला गळ घालतो, तर जवळ पासपोर्टच नाही. विमान उद्याही आहे. पण बॉमबाख तो उद्या दाखवत नाही. तो आपल्याला मागे नेतो, जेन अजून प्रागला गेलेली नसतानाच्या दिवसांत, आणि सिनेमा तिथेच थांबतो. ती शेवटची दहा मिनिटं एकदा पुन्हा बघाल का? मग नक्की लिहा.