कर्ज फेडा, पण पॅरिस पद्धतीने

फेब्रुवारी सरला की सांगली जिल्ह्यात गावोगावच्या विकास सोसायटीचे सेक्रेटरी एकदम मायाळू होतात. 'काय अण्णा, तब्येत काय म्हणतीय' असं विचारत थकबाकीची यादी हळूच पुढे सरकवतात. यादीत तुमचं नाव असेल तर घाबरू नका. 2015 चा पॅरिसचा हवामान करार तेवढा समजून घ्या.

त्या करारात धूर किती कमी करायचा, हे उद्दिष्ट प्रत्येक देश आपलं आपणच ठरवतो. दर पाच वर्षांनी नवा, आधीपेक्षा मोठा आकडा कळवायचा. आकडा कळवणं बंधनकारक, गाठणं नाही. तेव्हा हप्ता किती हे सोसायटीला ठरवू देऊ नका. 'यंदा जमलं नाही, सबब 2030 ला दुप्पट भरण्याचा संकल्प करीत आहे' असा अर्ज द्या आणि पोच घ्या.

त्यातूनही सेक्रेटरी ऐकेनात, तर वार्षिक सभेत दुबईचा ठराव मांडा. 2023 च्या हवामान परिषदेत तिथे ठरलं की 2030 पर्यंत जगाची अपारंपरिक वीजक्षमता तिप्पट करायची. कोणी किती करायची, ते लिहिलेलं नाही. तुम्हीही लिहा, 'सर्व सभासद मिळून कर्ज फेडतील.' नाव कुणाचंच घालू नका. सूचक-अनुमोदक रांगेने मिळतील.

सक्तीची भाषा कुणी केलीच, तर क्योटो काढा. 1997 च्या त्या हवामान करारात श्रीमंत देशांवर धूर कमी करण्याची सक्ती होती. धूर आधी त्यांनी केला, त्यामुळे ते रास्तच होतं. अमेरिकेने सही केली, मंजुरी दिली नाही. कॅनडाला उद्दिष्ट झेपेना, तेव्हा 2011 मध्ये त्याने सरळ बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. पॅरिसमधून तर अमेरिका दोनदा उठून गेली. तुम्ही सोसायटीचा राजीनामा देऊन बघा, 7/12 वरचा बोजा उतरतो का!

युरोपचा विषय मात्र निघू देऊ नका. तिथे 2020 साठी अपारंपरिक ऊर्जेचं देशागणिक सक्तीचं उद्दिष्ट होतं आणि एक देश वगळता सगळ्यांनी ते गाठलं, काहींनी दुसऱ्या देशाकडून आकडे विकत घेऊन का होईना. राहिलेला एक म्हणजे फ्रान्स. हो, पॅरिसवालाच. सक्ती लागू पडली खरी, पण 2030 साठी देशागणिक सक्ती निकाल लागायच्या आधीच काढून टाकण्यात आली होती, हे तेवढं लक्षात ठेवा.

आपल्या देशानेही 2022 पर्यंत 175 गिगावॅट अपारंपरिक वीजक्षमता म्हटलं होतं. ते हुकलं, कुणी नोटीस काढली नाही. उलट 2025 मध्ये निम्मी वीजक्षमता कोळसा, तेल, गॅस सोडून इतर मार्गांची झाली, ठरल्याच्या पाच वर्षं आधी, आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. प्रत्यक्षात वापरतो ती वीज अजून बरीचशी कोळशाचीच आहे, हे सभेत बोलायचं नसतं. ढालगावकडच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि खाली रानात माणूस बॅटरी घेऊन रात्री मोटर चालू करायला जातो. क्षमता आणि वीज यांतला फरक त्याला विचारा.

आता यात एकच अडचण आहे. तुमचा ऊस कारखान्याला जातो आणि कारखाना बिल हातात द्यायच्या आधीच सोसायटीची कपात करतो. संकल्प, ठराव, अर्ज, कशालाही तिथे दाद नाही. एवढी कडक तरतूद जगातल्या एकाही हवामान करारात नाही. तेव्हा आधी ऊस गुऱ्हाळाला घाला, मग पॅरिसचं नाव काढा.